डब्यात काय होतं?

आमच्या धायरीच्या सोसायटीत यंदा एक नवीन आजी आल्या. मुलगा-सून हिंजवडीला नोकरीला, या दिवसभर घरी. लिफ्टमध्ये त्यांनी मला "अहो, तिसरा दाबता का?" असं विचारलं आणि माझ्या अंगावर काटा आला. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. शाळेत जाताना माझ्यापुढे चालणाऱ्या तिघी मैत्रिणींची ही म्होरकी. मी मागे मागे जायची म्हणून तिने माझं नाव 'शेपूट' ठेवलं होतं.

नावाचं एक वेळ सोडा. पण एकदा आमच्या घरी भोंडला होता. गाणी संपली, खिरापत ओळखायची वेळ आली. झाकलेला डबा हलवायचा आणि मुलींनी आवाजावरून आतला पदार्थ सांगायचा, खरी गंमत तीच. मी डबा हलवला. कोणी बोलेना. तिघींनी ठरवून ठेवलेलं, त्यांच्या धाकाने बाकीच्याही गप्प. हात भरून येईपर्यंत मी तो डबा हलवला. मग जिन्यात जाऊन सगळी खिरापत एकटीने संपवली आणि पोट धरून झोपले.

पुढे तो राग मी लोणच्यासारखा मुरवला. ती लग्न होऊन नागपूरला गेल्याचं कळलं, तेव्हा देवापुढे बसून तिच्यासाठी कडक उन्हाळा मागितला. नागपुरात तो न मागता मिळतो, एवढी अक्कल नव्हती. आणि तेव्हा मी चांगली पदवीधर होते बरं का.

दोन दिवसांनी तिनेही मला ओळखलं आणि लगेच अगंतुगं सुरू. जणू काही घडलंच नव्हतं. तिला ते आठवतंय का, एवढंच मला हवं होतं. पण आपण होऊन विचारलं की आपण हरलो.

म्हणून नवरात्रात सोसायटीच्या भोंडल्याची खिरापत मी मागून घेतली. दुधीच्या वड्या केल्या, पंच्यात घट्ट गुंडाळून डब्यात कोंबल्या. भूकंप झाला तरी वाजणार नाहीत. ओळखा म्हणावं, बाईसाहेब.

पार्किंगमध्ये फेर झाला, मी डबा हलवला. तरुण मुलींनी चार नावं घेऊन नाद सोडला. ही मात्र गुडघा धरत पुढे आली, कान डब्याला लावला. "परत हलव," म्हणाली. अनारसे, घारगे, गुळपोळी, काय वाटेल ते सांगत सुटली. सगळं चूक. तरी हटेना. इतकं मन लावून माझा डबा आजवर कोणी ऐकला नव्हता.

शेवटी मीच झाकण उघडलं. वडी खाता खाता ती हळूच म्हणाली, "तुझ्या आईच्या हाताला चव होती. सगळ्या तुझ्याच घरी पळायच्या, म्हणून गप्प बसवलं मी त्यांना. वाईट वागले गं. पण त्या दिवशी डब्यात काय होतं, ते अजून कळलं नाही मला."

मी सांगायला तोंड उघडलं. जिना आठवला, पोटदुखी आठवली, तिघींची तोंडं आठवली. डब्यात काय होतं ते काही केल्या आठवेना. एवढी जपणूक, आणि मुद्द्याचीच गोष्ट गायब.

"मलाही आठवत नाही," मी म्हटलं.

ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसली. "वाजत होतं का?"

"वाजत होतं."

"म्हणजे वाटली डाळ नाही."

दिवे मालवायला वॉचमन आला, तेव्हा आम्ही शंकरपाळ्यांवर अडलो होतो.