वाऱ्याकडच्या जाळ्या

ओल्या गोणपाटाचा वास आला की कुवेतमधली ती शाळा आठवते. तेल कंपनीत मी ड्राफ्ट्समन होतो. तिथल्या मराठी मंडळाच्या शाळेचा आराखडा मी शुक्रवारच्या सुट्टीत फुकट काढून दिला, आणि गावी घेतात तसा वारा आत यावा म्हणून वायव्येला नुसत्या जाळ्या ठेवल्या. पहिलं धुळीचं वादळ तिथूनच वर्गात शिरलं. वर्ग सांभाळणाऱ्या रत्नागिरीच्या बाई जाळ्यांवर ओली गोणपाटं बांधत होत्या, एक दमेकरी मुलगी श्वासासाठी तडफडत होती आणि मी तळहातांनी जाळी झाकत उभा होतो. "हिचा बाप आता हिला शालेत नाय धाडायचा," बाई म्हणाल्या. "ठेकेदाराने घोळ घातला," मी म्हणालो. "मग तुमी तरी काय करनार, भाऊ?" मुलगी खरंच परत आली नाही. आजही कुणी 'तुम्ही तरी काय करणार' म्हणत माझी समजूत घालू लागलं, की मी उठून जातो.