ठोकेमामांचा लाल पट्ट्याचा बेल्ट

परांचीच्या फळीवर पाय ठेवायच्या आधी ठोकेमामा तिला हातोडीने दोन ठोके देत. एक मधोमध, एक टोकाला. मग मान तिरकी करून ऐकत. आवाज खणखणीत आला तर पाय पुढे, भद्द आला तर फळी खाली. तीस वर्षं त्यांनी इमारतींना परांच्या बांधल्या, आणि त्यांच्या परांचीवरून माणूस सोडाच, कधी हेल्मेटही पडलं नाही, असं ते सांगत. हेल्मेटचं जरा वाढवून सांगत. एकदा त्यांच्या मेहुण्याचं पडलं होतं, तेही नेमकं मुकादमाच्या उघड्या जेवणाच्या डब्यात. पण माणूस मात्र कधी पडला नाही, हे अगदी खरं.

ही सवय फळीपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. मुलगी बघायला गेले तेव्हा बसायला दिलेली खुर्ची त्यांनी आधी उलटी केली, चारही पाय हलवून पाहिले आणि मगच टेकले. सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दाराआडून मामी मात्र खुदकन हसल्या, आणि लग्न ठरलं. त्या नेमक्या का हसल्या, हे मामा अजून अधूनमधून विचारतात. समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

तर अशा माणसाच्या कामावर एका सकाळी कागद चिकटला. सुरक्षेचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, गुरुवार आणि शुक्रवार. सोमवारपासून ज्याच्याकडे कार्ड नाही तो वर चढणार नाही.

मामा चौथीपर्यंत शिकलेले. कागदावर बोट ठेवून त्यांनी तो दोनदा वाचला, मग उलटा करून मागेही पाहिलं. मागे काही नव्हतं. त्यामुळे संशय आणखी वाढला.

"दाजी, चहा-बिस्किटं आहेत म्हणे," मेहुणा म्हणाला. तो त्यांच्याच हाताखाली काम शिकलेला, मामींचा धाकटा भाऊ.

"तेच म्हणतोय मी. चहा-बिस्किटं कशाला? आजवर पाण्याचा माठ मागून मागून जीभ झिजली माझी."

कार्ड मिळालं नाही तर काय, तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. फाटकाशेजारच्या गोदामात स्टूल टाकून सिमेंटची पोती मोजायची. त्या स्टुलावर गेल्या वर्षी एक म्हातारा सुतार बसवला होता. चार महिन्यांत तो इतका वाकला, की रंधा मारताना कधी वाकला नसेल. मामांना ते स्टूल डोळ्यांसमोर दिसायला लागलं. वर मोकळा वारा, खाली सगळं गाव काडेपेट्यांसारखं, आणि आपण पोत्यांत. छे.

गुरुवारी तळमजल्यावरच्या अर्धवट खोलीत खुर्च्या मांडल्या. मामांनी आपली उलटी करून पाहिली. शिकवायला आलेले मास्तर चष्मेवाले, किडकिडीत, शर्टाला इस्त्री. पहिलंच चित्र पडद्यावर आलं आणि त्यांनी विचारलं, "यात चूक काय?" मामांनी बसल्या जागी नऊ चुका काढल्या. मास्तरांकडे सात लिहिलेल्या होत्या. त्यांनी उरलेल्या दोन वहीत टिपून घेतल्या. आता शिकवणाराच टिपून घेतो म्हटल्यावर मामांना नवाच घोर. टिपून घेऊन हा करणार काय?

चार वाजता मुकादम दोन कागद घेऊन आला. "चला, हजेरीच्या सह्या. एक आजची, एक उद्याची. दोन्ही करून टाका."

माणसं रांगेने करत गेली. मामांचं बोट दुसऱ्या कागदावर थांबलं. "यावर शुक्रवार लिहिलंय."

"मग?"

"आज गुरुवार आहे."

"मामा, उद्या स्लॅब टाकायचाय. कुणाला वेळ आहे दोराला लटकालटकी करायला? सही झाली की कार्ड आलं. तुमचंच काम सोपं करतोय."

"माझं काम सोपं करणारा माणूस मी अजून पाहिला नाही," मामा म्हणाले. पहिल्या कागदावर सही केली, दुसरा तसाच ठेवला.

"राहा मग गोदामात!" मुकादम ओरडला. "स्टूल पुसून ठेवतो."

मास्तर खोलीच्या पलीकडच्या टोकाला पाठमोरे वायर गुंडाळत होते. मामांनी त्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. हाही सामील? कुणी पडलं की हेच कागद पुढे करायचे, बघा साहेब, शिकवलं होतं, सही आहे. असंच असणार.

संध्याकाळी मामींनी विचारलं, "अहो, मास्तरांना विचारलंत का?"

"त्यालाच कसं विचारू? तोही त्यातलाच असेल तर?"

"मग ठोकून बघा की त्यांना. फळी ठोकता तसं."

"माणसाला हातोडी मारू?"

"प्रश्न मारा," मामी म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

शुक्रवारी मामा कामाच्या अर्धा तास आधी फाटकात उभे. मास्तर आला तर खरा, न आला तर सामील. आणि मास्तर आले. दोन्ही हातांत जड पिशव्या, शर्टाची इस्त्री मोडलेली. मामांनी पहिला ठोका दिला. "मास्तर, कार्ड कधी?"

"संध्याकाळी. आज दोराचं काम जमलं तर."

आवाज बरा आला. मामांनी टोकाला दुसरा ठोका दिला. "पण आजच्या सह्या कालच झाल्या."

मास्तरांनी पिशव्या खाली ठेवल्या. "कुणाच्या?"

"माझी सोडून सगळ्यांच्या."

मास्तरांचा चेहरा असा झाला, की तसा खोटा आणायला नाटकात काम करावं लागलं असतं. ते थेट मुकादमाच्या केबिनमध्ये गेले. आत काय बोलणं झालं ते दाराबाहेर नीट ऐकू आलं नाही. मेहुण्याने कान लावला होता, त्याला मास्तरांचं एवढंच वाक्य कळलं, "माझ्या सहीशिवाय एकही कार्ड निघणार नाही." मास्तर बाहेर आले तेव्हा त्या कागदाचे चार तुकडे त्यांच्या हातात होते. स्लॅब दुपारवर गेला. मुकादम मामांकडे असा बघत होता, जणू त्याच्या डब्यात पुन्हा हेल्मेट पडलंय.

मास्तरांनी वरच्या तुळईला दोर बांधला आणि माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं आणवलं. "कंपनीचे नवे बेल्ट इथे आहेत. कुणाचा स्वतःचा आहे?"

मामा पुढे झाले. छाती फुगवूनच. अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्याचा बेल्ट अंगाला लावला नव्हता. कोण कसा वापरतो, कुठे फेकतो, काय भरवसा? आपला रोज घरी न्यायचा, खुंटीला टांगायचा. आणि कुणी बदलू नये म्हणून पाठीमागच्या पट्टीवर तेलरंगाचा लाल पट्टा ओढलेला. दर वर्षी नवा हात.

मास्तरांनी त्या लाल पट्ट्यावर अंगठा फिरवला. "मामा, हा बदला."

"का म्हणून?"

"रंग लावलाय."

"रंग लावला म्हणून चांगला बेल्ट टाकू? तुमचा माल खपवायचा असेल तर सरळ सांगा."

मेहुणा कुजबुजला, "दाजी, गप्प बसा, कार्ड जाईल." मास्तर मात्र चिडले नाहीत. "बरं. पोत्याला घालून बघू?"

"घाला. होऊन जाऊ दे."

पोत्याला बेल्ट चढवला, हुक दोराला लावला, पोतं वर ओढलं आणि सोडलं. फट्ट करून आवाज झाला. पोतं जमिनीवर फुटून वाळू मामांच्या बुटांपर्यंत आली. दोराला लाल तुकडा तेवढा लोंबत राहिला.

मामांनी तो तुकडा काढून घेतला आणि नखाने रंग खरवडला. खालचा धागा वाळल्या गवतासारखा चुरला.

"वरून कळत नाही," मास्तर हळूच म्हणाले. "रंगाने पट्टी आतून कुजते. तुम्ही तर अकरा हात दिलेत."

मागच्याच मंगळवारी सातव्या मजल्यावर मामा याच बेल्टवर भार टाकून बाहेर वाकले होते. सगळ्या जगाला ठोके दिले, खुर्च्या उलट्या केल्या, आणि पाठीवरच्या या गोष्टीला एकदाही नाही. तिच्यावर संशय कशाला घ्यायचा, ती तर आपली होती.

मेहुण्याचा हात त्यांच्या खांद्यावर आला. मामांनी तो झटकला नाही.

मास्तरांनी नवा बेल्ट पुढे केला. मामांनी घेतला, शिवण पाहिली, हुक चार वेळा उघडला, मिटला. मग म्हणाले, "याच गठ्ठ्यातला आणखी एक पोत्याला लावा."

"मामा!" मुकादम कळवळला. "स्लॅब!"

"लावा हो मास्तर."

नवं पोतं भरलं, सोडलं. ते हवेत हिसका खाऊन लोंबकळत राहिलं. सगळ्यांनी श्वास सोडला. मास्तरांनी तो बेल्ट उतरवला आणि कात्रीने कचकन कापून टाकला.

"अहो, तो तर टिकला की!"

"झटका खाल्लाय त्याने. आता त्याचा भरवसा नाही."

मामा त्यांच्याकडे बघतच राहिले. टिकलेल्यावरही संशय घेणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता. दुपारच्या चहाला त्यांनी स्वतःची खुर्ची मास्तरांना दिली, आणि तीही आधी तपासून. संध्याकाळी सही केली. शुक्रवार लिहिलं, वर किती वाजले तेही लिहिलं.

घरी मामींनी सगळं ऐकलं. तुटका लाल तुकडा बराच वेळ हातात धरून बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "दर वर्षी रंगाचा डबा मीच आणून देत होते हो." मामांनी तुकडा त्यांच्या हातातून घेऊन खुंटीला टांगला. तो तिथे अजून आहे.

सोमवारी शिडीपाशी मामा थांबले. हातोडी कमरेला होती, फळ्या ठोकून झाल्या होत्या. तरी ते थांबले आणि मेहुण्याकडे पाठ केली.

"बघ."

"काय बघू, दाजी?"

"माझी पाठ मला दिसत नाही. तू बघ. मग तुझी मी बघतो."

मेहुण्याने पट्ट्या ओढल्या, शिवण पाहिली, हुक पाहिला. "ठीक आहे."

मामा शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि पुन्हा खाली उतरले.

"नीट बघितलंस ना? नाही, तू हसलास म्हणून विचारतोय. परत बघ."