गुडघा, ओढणी आणि बारीक पट्ट्या

अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आम्हा आयांचा एक बाक ठरलेला आहे. त्यावर बसलं की किस्से आपोआप साठतात. नुसती काळजी तरी किती वेळ करणार! माझी रेवा वेळेआधी जन्मली. सहा महिन्यांची झाली तरी माझ्या तोंडाकडे बघेना. म्हणून मी त्या बाकावर.

*

तपासणी सोपी. बाळांची नजर तपासणाऱ्या शोभाताई राखाडी कार्ड धरतात, त्याच्या एका बाजूला काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. बाळाची नजर तिकडे वळली, म्हणजे दिसल्या! पुढच्या कार्डावर त्या आणखी बारीक. एका टप्प्यानंतर बाळासाठी सगळंच राखाडी.

हे कळल्यावर मी अमरावतीला घरी पडदे, चादरी, उशा, सगळं पट्ट्यापट्ट्यांचं केलं. सासूबाई दारातच थबकल्या. "काहून वं, पोरीले जेलात ठेवून राहिली का?"

*

अचलपूरची सुनीता फुलं विकते. तिच्या मांडीवरचा पोरगा प्रत्येक कार्डाला पटकन बरोबर बघायचा. शोभाताई खूश! चौथ्या कार्डाला त्यांचं लक्ष खाली गेलं. सुनीताचा गुडघा पोराला हळूच पट्ट्यांकडे वळवत होता.

"बाई, तपासणी पोराची हाय, तुह्या गुडघ्याची नाही!"

तेव्हापासून नियमच झाला. आईच्या डोळ्यांवर ओढणी.

*

मी एम.एस्सी. झालेली. असलं काही मी करणार नाही, अशी माझी समजूत. ओढणी बांधण्याआधी एक कार्ड दिसलं. मी म्हटलं, "ताई, हे तर कोरंच आहे."

"कोरं नाही, फिक्या पट्ट्या हायेत. चष्मा कुठं हाय तुमचा?"

डोक्यावर होता.

"आधी आईलेच तपासा!" दारातून सुनीता.

*

मागच्या खेपेला रेवाची पाळी आली. डोळ्यांवर ओढणी, गुडघे दगडासारखे घट्ट.

"पाहिलं," शोभाताई म्हणाल्या. कार्ड बदललं. "पाहिलं." पुन्हा बदललं. "हेबी पाहिलं!"

चौथ्या कार्डाला मात्र "पाहिलं" आलंच नाही.

"काय झालं, ताई?"

"आता कार्डाकडे पाहून नाही राहिली."

"मग कुठे बघतेय?"

"ओढणी काढा."

काढली. रेवा मान पार मागे टाकून, डोळे मोठ्ठे करून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला उचलायला वाकले.

"हलू नका," कार्डामागून शोभाताई हळूच म्हणाल्या. "तिचं पाहून होऊ द्या."