कावळा शिवेपर्यंत

आजी गेली तेव्हा तिच्या उशाशी फक्त आत्या होती. आत्या म्हणजे आजीची एकुलती एक मुलगी, माझ्या बाबांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. बालवाडीत पोरांची नाकं पुसली आणि मग घरी बसून आजीचं सगळं केलं. बाकी आमचं खटलं केवढं! मोठे काका, बाबा, धाकटे काका, तिघांचे संसार, आम्ही ढीगभर नातवंडं आणि आमची पिल्लावळ. सगळे अंधेरी, मुलुंड, घाटकोपर असे पांगलेलो. सणासुदीला बोरिवलीत जमायचं, आजीच्या पाया पडायचं, आत्याच्या हातच्या घावण्यांवर ताव मारायचा आणि उरलेले डब्यात भरून आपापल्या घरी पळायचं. आमचं आजीवर प्रेम होतं ते असं, डबा घेऊन जाणारं.

आजीमागे बोरिवलीची जागा विकायची, हे तिघा भावांचं आधीच ठरलं होतं. आत्या कुठे जाणार, यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आजीला मात्र सगळं कळत होतं. जायच्या आधी शेवटची भेटले तेव्हा आत्या भाजी आणायला खाली गेली होती. आजीने माझा हात धरला आणि म्हणाली, “गो बाय, तुझ्याकडे येक खोली रिकामी आसा मां? माझ्यामागे तिका न्हेशीत?”

खोली रिकामी होती. मुलुंडच्या आमच्या घरात त्या खोलीत एक ट्रेडमिल आहे, आणि त्यावर आम्ही कपडे वाळत घालतो.

मी म्हटलं, “बघू ना, आजी.”

तिने हात सोडला. रागावली नाही. मला वाटतं, ‘बघू’ म्हणजे काय हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

दहाव्याला सगळे तळ्याकाठच्या शेडमध्ये जमलो. बायकांनी यायचं नाही वगैरे आमच्याकडे आता कुणी मानत नाही, त्यामुळे आम्हीही होतो. पिंड मांडला, गुरुजींनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. कावळे समोरच्या पिंपळावर चिक्कार. एरवी हातातला वडापाव पळवणारी ही जात, पण त्या दिवशी एक खाली उतरेल तर शपथ! एक आला, पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान वाकडी करून आमच्याकडे बघत राहिला.

“आजींचं काहीतरी मागे राहिलंय,” गुरुजी म्हणाले. “बोला कुणीतरी. शब्द द्या.”

मोठे काका हात जोडून पुढे झाले. “आई, दर गणपतीला सगळे मिळून गावी जाऊ.” कावळा ढिम्म. धाकटे काका म्हणाले, “आई, तंबाखू सोडतो. आजपासून बंद!” काकूने डोळ्याला पदर लावला. कावळ्याने चोच घासली. बाबांनी घरातल्या देवांचं सगळं नीट करीन म्हणून सांगितलं. मग दुबईच्या चुलतभावाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन त्या कावळ्यासमोर धरला. “आजी, पुढच्या वर्षी नक्की येतो हां!” असा आवाज आला आणि कावळा घाबरून परत झाडावर.

हसू नका. म्हणजे हसा, मलाही तेव्हा हसू आलंच होतं. पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, आमच्यातला एकही माणूस आत्याकडे बघत नव्हता. गाव, देव, तंबाखू, दुबईहून येणं, सगळं बोलून झालं. नेमकं तेवढंच सोडून. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. मला तर आजीने तोंडावर विचारलं होतं. “आजी, आत्याला मी नेते,” एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं वाक्य मी गिळलं. कारण तिथे ‘बघू’ चालत नाही. दहाव्याला दिलेला शब्द सगळ्यांच्या देखत दिलेला असतो, तो मागे घेता येत नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बिचारा नुसता उभा होता. नंतर त्याच्यावर ढकलता यावं म्हणून पाहिलं असेन मी, दुसरं काय!

ऊन चढलं. पोरं भुकेने किरकिरायला लागली. गुरुजी म्हणाले, “आता दर्भाचा कावळा करून शिववू या,” आणि दर्भाच्या काड्या हातात घेतल्या. तेव्हा आत्या उठली. तोवर ती मागे बाकावर बसून होती. चप्पल काढली, पिंडाजवळ गेली, आणि घरात पलंगाशेजारी बसून बोलायची त्याच आवाजात म्हणाली, “आई, माझी काळजी करू नको. मी कुणाला जड होणार नाही. मी माझं बघते.”

ती वळायच्या आत कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

“शिवला! शिवला!” केवढा गलका झाला! मोठे काका रडले. धाकट्या काकांनी आत्याची पाठ थोपटली, जसं काही तिने मोठं बक्षीसच आणलं होतं. आणि मी? मला आधी हायसं वाटलं. सुटलो बुवा, असं वाटलं. लाज नंतर आली. जेवायला बसलो तेव्हा आत्याच मला वाढत होती, आणि मला पानावरून मान वर करता येईना. तेव्हापासून ती लाज काही जात नाही. आजी गेल्याचं रडूसुद्धा मला मोकळेपणाने येत नाही. रडायला लागले की वाटतं, पुरे गं नाटकं तुझी.

जागा विकली. आत्या वाकोल्याला राहते, बालवाडीतल्या एका जुन्या मैत्रिणीबरोबर, एका खोलीत. मी परवा पहिल्यांदा गेले, हातात मिठाईचा बॉक्स घेऊन, पाहुण्यासारखी. दोन कॉट, मध्ये जेमतेम पाय टाकण्यापुरती वाट, कोपऱ्यात गॅस. आत्याने घावणे केले. आजीबद्दल बोललो, तिच्या शिव्या आठवून हसलो. पिंडाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. खोलीचं बोलायचं असं ठरवून गेले होते, तेही तोंडातून निघालं नाही.

निघताना तिने माझी पर्स काढून घेतली आणि कॉटवर ठेवली.

“एवढ्या लांब कुठे जातेस आता? राहा ना आज,” ती म्हणाली. “आम्ही दोघी खाली झोपू. जागा आहे की.”

मी म्हटलं, “बघू.”