पेटीवरची छत्री

आमच्या घरी एक नियम होता: पेटी बंद झाली की उघडायची नाही, तिला भोक पाडायचं नाही, आणि कावून म्हणून, म्हणजे 'का' असं, विचारायचं नाही. तिसरं कलम खास माझ्यासाठी होतं, कारण घरात बी.एस्सी. झालेली मी एकटीच.

पेटी म्हणजे अंडी उबवायची पेटी. तिकडे भिलाईचा पोलादाचा प्लांट उभा राहत होता, आणि इकडे मरोद्याच्या क्वार्टरमध्ये बाबांनी आपला छोटा प्लांट टाकला होता. त्याचे किस्से इतके साठलेत की सांगायला बसलं की ऐकणाऱ्याचा चहा निवतो. तेव्हा आधी चहा पिऊन घ्या.

*

सुरुवात दोन पांढऱ्या विलायती कोंबड्यांपासून (कोंबडा शेजाऱ्यांचा). अंडी रोज द्यायच्या, पण त्यांवर बसायच्या नाहीत. आई म्हणाली, "मेमसायबा आहेत त्या. पोरं दाईनं सांभाळायची!"

दाई म्हणून बाबांनी रशियाहून मशीन भरून आलेलं एक लाकडी खोकं आणलं. आत बल्ब लावला, जाळीवर अंडी मांडली. मी खाली एक आणि वर एक भोक पाडलं. खालून ताजी हवा येईल, वरून जुनी जाईल. संध्याकाळी पाहते तर दोन्ही भोकं चिकणमातीनं लिंपलेली.

बाबा प्लांटच्या कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजून कोक करायच्या भट्टीवर होते. भट्टीचं दार मातीनं लिंपायचं आणि फटीतून धूर दिसला की पुन्हा लिंपायचं, हे त्यांचं काम.

"हवा आत गेली की कोळसा जळते. कोक होत नाही," ते म्हणाले.

"बाबा, आपल्याले कोक नाही काढायचा. पिल्लं काढायची आहेत."

"भट्टी ते भट्टी."

मी खिडकीतून प्लांटकडे बोट दाखवलं. "मग एवढ्या उंच चिमण्या कायले बांधून राहिले तिथं?"

बाबांनी जरा विचार केला. "तो चिमणीवाल्यांचा विषय आहे. आमचं डिपार्टमेंट अलग आहे!"

*

खोक्यावर शिक्के होते. अक्षरं रशियन, ती कुणालाच येत नव्हती. चित्रं मात्र सगळ्यांना येत होती: वर जाणारा बाण, काचेचा पेला, आणि छत्री.

मी आत पाण्याची बशी ठेवत होते, तेवढ्यात गणपतकाकाजी आले. हे बाबांचे गावाकडचे दोस्त, दुर्ग लाइनीवर इंजिन ड्रायव्हर. ड्यूटी नसली की आमच्या ओट्यावर.

"पाणी कायले ठेवते वं पोरी? पेटीवर छत्री काढून आहे ना!"

"काकाजी, ओल लागू नये म्हणून छत्री, ती मशीनसाठी आहे. अंड्यांसाठी नाही."

"बनवणारा येडा आहे काय?"

बशी बाहेर आली. भिलाईचा उन्हाळा, आत बल्ब, पाण्याचा थेंब नाही. पिल्लं कवचाला आतून चिकटून मेली.

दोघं जण पेटीभोवती गंभीरपणे फिरले. पेटीचा एक कोपरा जरासा कलला होता. काकाजींनी बाणावर बोट ठेवलं.

"हे पाहा. बाण सरळ नव्हता!"

*

दुसऱ्या खेपेला पाणी मंजूर झालं. पण ज्याची हयात वाफेच्या इंजिनावर गेली, त्याला पाणी म्हणजे वाफ. काकाजींनी सिगडीवर किटली ठेवली, तिच्या तोटीला नळी लावली, नळी पेटीत खुपसली आणि भोवतीची फट बाबांनी लिंपून टाकली. न उघडायचा नियम काकाजींना लागू नव्हता; रोज सकाळी ते झाकण जरासं उचलून आपला चष्मा क्षणभर आत सरकवायचे. भिंगं पांढरी झाली की म्हणायचे, "प्रेशर बरोबर आहे."

ओल मोजायला मी आत दोन थर्मामीटर ठेवले. एक साधा. दुसऱ्याच्या बुडाला आईच्या लुगड्याची ओली चिंधी.

काकाजींनी डोकावून पाहिलं. "याले ताप आहे काय? पट्टी कावून ठेवली?"

मी समजावून सांगितलं. हवा कोरडी असली की चिंधी सुकते, थंड होते, आणि तो थर्मामीटर कमी दाखवतो. दोघांचा आकडा सारखा आला तर समजायचं, हवेत आणखी वाफ मावत नाही.

"आता किती आहे?"

"दोघांचा सारखाच!"

"म्हणजे बरा झाला तो. पट्टी काढ."

*

दुसरी खेप आतल्या आत बुडाली. कवचं मी ओट्यावर, दोघांसमोर फोडली. पिल्लं पुरी वाढलेली, फुगलेली, ओलीगच्च, आणि प्रत्येकाची चोच वर, कवचातल्या हवेच्या पोकळीकडे.

"यांना श्वास नाही मिळाला," मी म्हटलं.

बाबांनी एक कवच उचलून उजेडात धरलं. मग उठले आणि माती कालवायला गेले. "कुठंतरी लीकेज राहिलं असन."

*

त्यानंतर मुंगसानं दोन्ही कोंबड्या नेल्या. त्यांची शेवटची अंडी तेवढी उरली. त्याच सुमारास मला दुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी चालून आली. बाबांनी अट घातली: या खेपेला पिल्लं निघाली तर नोकरी. नाही निघाली तर पेटी चुलीत, अन् मी घरात.

"अंडी सांभाळता येत नाही, वर्गातली पोरं काय सांभाळशील?"

किटली मी मोरीत ठेवून दिली आणि आत बशी ठेवली. माझा हिशोब असा: आधी ओल बेताची, शेवटी जास्त, हवा मात्र कायम. बाबा शिफ्टला गेले की मी खिळ्यानं माती काढायची, परत आले की ते लिंपायचे.  अंडी फुटायच्या बेताला आली आणि बाबांनी दोन्ही भोकांवर पत्रा ठोकला.

रविवारी सकाळी दोघं ओट्यावर बसले होते. पेटी मध्ये. आतून टकटक ऐकू येत होती. मग चिवचिव. मग तीही क्षीण होत गेली.

मी घरातून गिरमिट आणलं.

"कमल, खाली ठेव," बाबा म्हणाले.

"ठेवत नाही."

"सारी गरमी निघून जाईन!" काकाजी म्हणाले. "अशी ऐन टाइमावर हवा सोडतेत काय वं?"

"तुले सांगितलं होतं," बाबा उभे राहिले, "कावून म्हणून विचारायचं नाही."

"मी कुठं विचारून राहिले, बाबा?"

आणि गिरमिट लावलं. लाकूड जाड होतं. छत्रीच्या बरोबर मधून भुसा गळू लागला. बाबांचा हात माझ्या मनगटापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मी आरपार गेले, गिरमिट काढलं, पेटीच्या बुडाशी वळले आणि दुसरं भोक पाडलं.

छत्रीतून चिवचिव बाहेर आली. आधी एक, मग दुसरी, मग किती ते कळेना.

काकाजींनी बोटातली बिडी विझवली. बाबा खाली बसले. मग म्हणाले, "गणपत, दुर्गची गाडी सकाळी किती वाजता असते?"