नातीच्या बर्फाच्या बुटांतले सोल

मंडळी, आज फार दमलोय, पण तुम्हाला विचारल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझी नात पूजा मनालीला बर्फावर फळीवरून घसरायला शिकते आहे. सकाळी तिचा फोन आला, "आबा, बुटात तळपाय लई दुखून राहिले. आत टाकायला आधाराचे सोल न्हाई मिळाले तर कोर्स सोडून यावं लागंल."

तिची जुनी चप्पल मापाला घेऊन जीपने कळमनुरी गाठली. मी सगळ्यांत मऊ सोल उचलले. दुकानदार म्हणाला, "मऊ दबून जातात, काका. पोरीचा पाय सपाट हाय का कमानीचा?"

मला काय माहीत! घरी फोन लावला. आमची म्हातारी म्हणाली, "जायच्या दिवशी ओल्या सारवणावर पाय देऊन गेली न्हाई का तुमची लाडकी? अंगणात अख्खा पंजा उमटलाय. मधी जरा बी जागा कोरी सुटली न्हाई."

मग सपाट पायाचे, मधे उंच असलेले कडक सोल घेतले आणि तिथूनच कुरिअर केले. आता वाटतंय, ते टोचले तर? कुणी वापरले असतील तर सांगा.

अंगण पुन्हा सारवायला आलंय. म्हातारीला म्हणालो, पोरीचा फोन येईपर्यंत तेवढा पंजा राहू दे.