पंख्याचे वेगळे सेल

हिंगणघाटच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. काम झालं की तो रेडिओच्या आत बोट लावायचा अन् डोळे मिटायचा, लेकराचा ताप पाहावा तसा.

ऐंशीच्या आसपासचा उन्हाळा होता. बायको आजारानं खाटेवर पडून होती, घरी वीज नव्हती, अन् रेडिओ हीच तिची सोबत. खेळण्यातली मोटर लावून मी तिच्यासाठी एक छोटा पंखा केला होता. तो पंखा अन् रेडिओ घेऊन मी त्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

"रेडिओच्या आतूनच याले वीज काढून दे. वेगळे सेल मी घेणार नाई."

"भाऊ, मोटर लय खाते. रेडिओ मरन."

"मले शिकवू नको."

त्यानं तार जोडली. पंखा फिरला अन् गाणं घोगरं झालं. मग त्यानं माझं बोट धरून आतल्या तापलेल्या भागावर ठेवलं. चटका बसला, तरी मी बोट काढलं नाही. हरायचं कसं?

शेवटी त्यानंच तार ओढली. "तुमची जिद्द अन् रेडिओ, दोन्ही जळून राह्यले, भाऊ. घरी ऐकणारी कोणी आहे ना?"

मी पंख्याला वेगळे सेल लावून घेतले.

घरी तिच्या उशाशी रेडिओ गात होता, पायथ्याशी पंखा फिरत होता. फोड पाहून ती म्हणाली, "बोटाले काय झालं?"

"काई नाई."

आजही मी कोणाचं ऐकत नाही. पण दिवसभर राबणाऱ्या सुनेला आणखी एक काम सांगायच्या आधी माझा अंगठा त्या बोटावरून फिरतो, अन् बरेचदा ते काम मीच उठून करतो.